'रूकी', 'नॉव्हिस', 'टेंडरफूट' : सगळेच 'नवशिके' का?

मिरजकर (प्रश्न)

नमस्कार. अमेरिकी बेसबॉलवरील एका किशोरांसाठीच्या पुस्तकाचा मी सध्या मराठी अनुवाद करत आहे. मूळ मजकुरात नव्या माणसासाठी रूकी, नॉव्हिस, ग्रीनहॉर्न, टेंडरफूट असे निरनिराळे शब्द येतात आणि पहिल्या खर्ड्यात मी त्या सर्वांसाठी 'नवशिका' हा एकच शब्द लिहून मोकळी झाले. परवा मुद्रिते परत आली, तेव्हा 'जॅकी रॉबिन्सन : १९४७ चा सर्वोत्कृष्ट नवशिका' या ओळीखाली मुद्रितशोधकांनी लाल शाईने दुहेरी रेघ मारली होती आणि समासात लिहिले होते, 'हा गौरव आहे की टोमणा?' तेव्हापासून ती ओळ मला स्वस्थ बसू देत नाही. या शब्दांतील फरक केवळ औपचारिक-अनौपचारिक एवढाच आहे, की अर्थच वेगळे आहेत?

जुनी_पेटी

अर्थच वेगळे आहेत, आणि आपले उदाहरणच ते सर्वांत चांगले दाखवते. १५ एप्रिल १९४७ रोजी कृष्णवर्णीय खेळाडू रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून मैदानात उतरले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. १९४५ मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळले होते आणि १९४६ चा हंगाम त्यांनी माँट्रिअल रॉयल्स या दुय्यम पातळीवरील संघाकडून गाजवला होता. खेळात ते मुळीच नवे नव्हते. मेजर लीगचे, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक पातळीचे, दार मात्र वर्णभेदामुळे त्यांच्यासाठी तोवर बंद होते. त्या पहिल्याच हंगामात २९ बेस चोरून (म्हणजे चेंडू फटकावला न जाताच धावत पुढचा टप्पा गाठून) ते मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमध्ये अव्वल ठरले. अशा माणसाला 'नवशिका' म्हटले, तर त्याने मैदानात येऊन खेळ शिकायला सुरुवात केली असा समज होतो आणि त्याच्यावर झालेला अन्यायच पुसला जातो. 'रूकी' म्हणजे त्या संघटनेत, त्या पातळीवर पहिल्यांदा आलेला. त्याचे कौशल्य किती, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. आपल्या ओळीतला 'रूकी ऑफ द इयर' हा पुरस्कार १९४७ मध्येच सुरू झाला, रॉबिन्सन त्याचे पहिले मानकरी ठरले आणि १९८७ पासून तो त्यांच्याच नावाने दिला जातो. आपल्या क्रीडापानांवर 'पदार्पण' हा शब्द चांगला रुळलेला आहे. 'पदार्पणाच्या हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडू' असे लिहावे, असे मी सुचवेन.

शब्दांगण

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. उरलेल्या शब्दांबद्दल थोडे लिहितो. 'नॉव्हिस'चा संबंध ख्रिस्ती मठांशी आहे: व्रत घेण्यापूर्वी किमान बारा महिने मठात राहून स्वतःची पारख करू देणारी व्यक्ती ती नॉव्हिस. म्हणजे येथे शिकणे आहेच, शिवाय पुढे स्वीकारले जाण्याची वाट पाहणेही आहे. याला जवळचा मराठी शब्द मला 'उमेदवार' वाटतो. आज तो निवडणुकीत अडकला असला, तरी जुन्या कचेऱ्यांत जागा मिळेल या आशेवर बिनपगारी काम शिकणारा तो उमेदवार, आणि 'उमेदवारी करणे' हा वाक्प्रयोग त्यातूनच आला. १९६१ च्या कायद्यातील 'शिकाऊ उमेदवार' या शब्दातही तो जुना अर्थ टिकून आहे. ग्रीक मुळाचा 'निओफाइट' पुस्तकात आला, तर त्याचा शब्दशः अर्थ 'नुकतेच लावलेले रोप' असा आहे, हे ध्यानात ठेवावे. तो नव्याने दीक्षा घेतलेल्यासाठी वापरला जाई.

'ग्रीनहॉर्न' म्हणजे मुळात कोवळ्या शिंगांचा गोऱ्हा. येथे एक धोका आहे: शिंगांची प्रतिमा मराठीत तशीच आणली, तर 'शिंगे फुटणे' आठवून वाचकाला तो माणूस उर्मट वाटेल, आणि मूळ अर्थ तर भोळेपणाचा आहे. 'नवखा' पुरेसा आहे. 'टेंडरफूट' हा अमेरिकेच्या पश्चिम भागात गुरांच्या कुरणांवर आणि खाणींवर नव्याने आलेल्याला हिणवण्यासाठी वापरत. तेथेही 'नवखा' चालेल. मात्र १९०८ पासून बालवीर (स्काउट) चळवळीत तीच पहिली पायरी झाली आणि मुले तिचा बिल्ला छातीवर मिरवू लागली. आपल्या पुस्तकात तो शब्द कुरणावरचा आहे की बालवीरांचा, हे आधी पाहावे.

हिंजवडीतला_वाचक

'फ्रेशर' पुस्तकात असेल, तर तोही जपून हाताळावा. आपल्याकडे त्याचा अर्थ नोकरीचा अनुभव नसलेला पदवीधर असा होतो, तर ब्रिटनमध्ये विद्यापीठात नुकताच दाखल झालेला विद्यार्थी.

या गटात आपल्या मातीशी जोडलेला एक विस्मृतीत गेलेला शब्दही आहे. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात 'ग्रिफिन' म्हणजे हिंदुस्थानात नव्याने आलेला, येथील रीतीभाती अंगवळणी न पडलेला माणूस, असा अर्थ दिला आहे. जो साहेब दप्तरात हुकूम देत असे, तोही येथे आल्यावर काही काळ नवखाच असे आणि त्याच्याच भाषेने त्याला तसे नाव दिले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मिरजकर

सर्वांचे मनापासून आभार. माझी चूक शब्दकोशातली नव्हती. माणूस नेमका कशात नवा आहे, हे मी विचारलेच नव्हते. पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. त्यातील 'टेंडरफूट' बालवीरांचाच निघाला, म्हणून तेथे 'बालवीरांच्या पहिल्या पायरीवर असताना' असे केले आहे. 'नवशिका' आता एकाच ठिकाणी उरला आहे: नऊ वर्षांचा एक मुलगा आयुष्यात प्रथमच बॅट हातात धरतो, तेथे. रॉबिन्सन यांच्या छायाचित्राखालील नवी ओळ लांब झाल्यामुळे दोन ओळींत बसवावी लागेल. तशी सूचना समासात लिहून मुद्रिते उद्या सकाळी पाठवत आहे.