बूपेक्षा मायेलाची साक्ष पाहावी
हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीतील सहानुभूतीचे शिखर म्हणजे कथा सांगणाऱ्या छोट्या स्काउटने, कधी घराबाहेर न पडणारा शेजारी बू रॅडली याच्या ओसरीवरून त्याच्या नजरेने गल्ली पाहणे, असे मानले जाते आणि ते मान्य आहे. मात्र बू हा स्काउट आणि तिच्या भावाचा हितकर्ताच असल्यामुळे तिथे वाचकाची फारशी कसोटी लागत नाही. ती लागते मायेला यूएलपाशी. खोटी साक्ष देऊन निरपराध कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनला बलात्काराच्या खटल्यात गोत्यात आणणाऱ्या या मुलीने गावच्या उकिरड्यालगतच्या अंगणात लाल जिरेनियम निगुतीने जपलेले आहेत, आणि अ‍ॅटिकस (टॉमचा वकील आणि स्काउटचा बाप) तिच्याशी अदबीने बोलतो तेव्हा, असे बोलणे कधीच वाट्याला न आल्यामुळे, तिला ती आपली थट्टा वाटते. स्काउटला तिचे एकाकीपण कळते, तरी लेखिका तिचा अपराध सौम्य करत नाही.

त्याहून बोचरी टॉमची साक्ष आहे. मायेलाची कीव आली म्हणून मदत केली, असे तो सांगतो आणि सरकारी वकील नेमके तेच पकडतो, कारण १९३०च्या दशकातील अमेरिकेच्या अलाबामा राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाने गोऱ्या स्त्रीची कीव करणे हाच उद्धटपणा ठरतो. अभ्यासासाठी या दोन साक्षी शेजारी ठेवून वाचाव्यात. अ‍ॅटिकसवर (माझ्या मते गरजेपेक्षा जास्तच) लिहून झाले आहे.