मांजराची अजिलिटी (अडथळ्यांची शर्यत): बोगद्यात शिरतच नाही!

माऊचीआई (न्यू जर्सी): आमचा बोका पायऱ्या चढतो, हूपमधून उडी मारतो. बोगदा दिसला की मात्र तिथेच फतकल मारून अंग चाटत बसतो. सीएफएच्या (कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन, मांजरप्रेमींची संस्था) कॅट शोमध्ये उतरवायचाय. काय करू?

पिसांचीकाठी: कापडी बोगदा दाबून अगदी आखूड करा, पलीकडून पिसं हलवा. बाहेर आला की लगेच खाऊ. मग थोडाथोडा लांबवा. ढकलू नका हं, धसका घेईल.

शेपटीवाला: शोमध्ये सगळे अडथळे पार करायला 270 सेकंद मिळतात, पट्टा नसतो. बरीच मांजरं वास घेण्यातच वेळ घालवतात. त्याचं रोजचं खेळणं न्या. आणि आधी पोटभर जेवण नको.

माऊचीआई: उपाशी ठेवलं तर साहेब बोगदा सोडून मलाच चावतील! आखूड करून बघते आजच.