मदत हवी आहे: बियांपासून लोंबणारा पिटुनिया, शेंडा खुडू की नको?

नमस्कार मंडळी,

कोथरूडला चौथ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी. ग्रिलला चार टांगत्या कुंड्या आहेत, त्या पिटुनियाने भरून खाली लोंबाव्यात एवढीच इच्छा. दरवर्षी नर्सरीतून फुलावर आलेली रोपं आणते, पण ती उभी वाढणारी. महिन्याभरात मधूनच टकली होतात. म्हणून यंदा लोंबणाऱ्या जातीचं बी मागवलं.

बी बघून आधी घाबरलेच. त्यापुढे खसखस म्हणजे धोंडे! गणपतीत पेरलं आणि सवयीने वर माती लोटली. एकही उगवलं नाही. मग कळलं, याला उगवायला उजेड लागतो, झाकायचंच नसतं. कोजागिरीला पुन्हा बसले. ओल्या टूथपिकच्या टोकावर एकेक दाणा उचलून कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसता टेकवला, वर श्रीखंडाच्या डब्याचं पारदर्शक झाकण. आठव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. पण झाकण वेळेवर काढलं नाही (फराळाची गडबड, दुसरं काय) आणि निम्म्याहून जास्त रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. 40 मधली 17 वाचली.

आता ती कागदी कपांत आहेत, सहा-सहा पानांची, जरा लांबट. नवीन पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्यागार. गांडूळखत घातलं, फरक नाही. आणि शेंडा खुडायचा का? इतक्या कष्टाने वाढवलेल्याला कात्री लावायला हात धजत नाही. 10 इंची कुंडीत किती रोपं लावू?

सासूबाईंचं म्हणणं, आयती आणली असतीस तर एव्हाना फुलं देवाला वाहिली असती.

कुंडीवाला:
शिरा हिरव्या, पान पिवळं आणि सुरुवात कोवळ्या पानांपासून, म्हणजे लोह कमी पडतंय. खत वाढवू नका. मातीत लोह असलं तरी सामू (pH, मातीच्या आम्लतेचं माप) चढला की पिटुनियाला ते उचलता येत नाही. त्याला साधारण 5.5 ते 6 सामू मानवतो. पाणी कुठलं घालता? बोअरचं किंवा टँकरचं असेल तर चोर सापडला, त्यातल्या क्षारांनी सामू चढतो. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं. पुडीवर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात, ऊन उतरल्यावर द्या. पिवळी झालेली पानं कदाचित तशीच राहतील, नवीन फूट कशी येते ते बघा.

अंगणवेल:
लोंबणाऱ्या संकरित जाती बऱ्याचदा आपणहून बुडातून फुटतात, न खुडताही चालतं. पण तुमची लांबट झालीत, म्हणजे ऊन कमी पडतंय. खुडाच. वरची दोन पानं नखाने मोडायची, कात्रीही नको. फुलं दोन-तीन आठवडे लांबतील, पण कुंडी भरेल. 10 इंचाला तीन रोपं पुरे. कप कठड्याच्या आत ठेवले असतील तर बाहेरच्या बाजूला काढा, थंडीतलं ऊन सोसतं त्यांना. आणि एक, पुढच्या वर्षासाठी बी धरू नका. संकरित झाडाच्या बियांतून काय निघेल याचा नेम नाही, माझ्याकडे सगळी उभी निघाली होती.

धागाकर्ती:
कुंडीवाला, हसू नका. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं पाणी, बाकी सगळीकडे बोअरचं. आणि मी दीड महिना बाल्कनीतल्या नळाचं घालतेय! त्या तोटीवरचा पांढरा थर दर रविवारी घासते, तरी डोक्यात आलं नाही. आजपासून तांब्याने स्वयंपाकघरातलं. तीन रोपांचे शेंडे मोडले, चौदांचा धीर उद्या. मोडलेले शेंडे टाकवेनात, ओल्या कोकोपीटात खोचलेत. मुळं फुटतात का त्यांना?

अंगणवेल:
फुटतात. खालचं पान काढा, सावलीत ठेवा. आणि या वेळी झाकण रोज उघडा.