प्रतिसाद: इथिओपियात मदत कुठे गेली ते बघा
वर म्हटलंय की परदेशी मदत म्हणजे भ्रष्ट सरकारांचे खिसे भरणं, गरिबाच्या हाती काहीच लागत नाही. असं सरसकट नका म्हणू हो. इथिओपियाचं बघा, १९८४ चा दुष्काळ आठवत असेल, त्यानंतरही कितीतरी वर्षं तेच, पाऊस गेला की जगाकडे धान्य मागायचं आणि ते येईपर्यंत शेतकऱ्याने पोटासाठी बैल विकलेला असायचा, मग पुढच्या हंगामात नांगरणार कशाने? २००५ मध्ये तिथलं सरकार आणि वर्ल्ड बँक वगैरे डोनर्सनी मिळून सेफ्टी नेट प्रोग्राम काढला, शेतात काम नसतं त्या महिन्यांत बांधबंदिस्ती, रस्ते, तळी अशी कामं आणि मोबदला रोख किंवा धान्यात, म्हातारे-आजारी असतील त्यांना कामाची अट नाही. आपल्या रोजगार हमीच्याच जातकुळीतलं. पैसे उशिरा मिळायच्या तक्रारी तिथेही होत्याच, पण बैल दावणीला राहिला तरी खूप झालं.

आणि आरोग्याचं काम तर मला त्याहून मोठं वाटतं. २००३ पासून दहावी झालेल्या मुलींना वर्षभर ट्रेनिंग देऊन गावोगावी नेमलं, ३० हजारांच्या वर. लसी, मच्छरदाण्यांचा बराच खर्च बाहेरून, पण पगार सरकारी! याउलट २०२५ मध्ये अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर एचआयव्ही-मलेरियासाठी त्यांच्या पैशांवर नेमलेल्या हजारो कर्मचाऱ्यांची काँट्रॅक्टं रद्द झाली. मदत थांबवायची तर आधी काही वर्षं सांगून, टप्प्याटप्प्याने थांबवा ना, औषधावर असलेल्या पेशंटने काय करायचं?