रिक्रुटरला फोनवरच झापलं. चुकलं का माझं?

वाकडकर_९०दिवस
नऊ वर्षं जावा बॅकएंड, नोटिस पिरियड ९० दिवसांचा (राजीनाम्यानंतर तेवढं थांबायचं), म्हणजे बाजारात आधीच निम्मी किंमत. मागच्या मंगळवारी ऑफिसची रोजची स्टँडअप मीटिंग चालू असताना एका कन्सल्टन्सीतून बाईंचा फोन, ना स्वतःचं नाव ना कंपनीचं, डायरेक्ट "सर करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड, नोटिस?" म्हणजे आत्ताचं वर्षाचं पॅकेज, हवं तेवढं, वगैरे. म्हटलं आधी जेडी (कामाचं वर्णन) पाठवा, बजेट सांगा. तर क्लायंट कॉन्फिडेन्शियल! वर तीन महिन्यांच्या पेस्लिप हव्यात, इंटरव्ह्यूच्या आधीच. दिल्या (गाढवपणा माझाच). शनिवारी फेस टू फेससाठी खराडीला बोलावलं, वाकडहून दीड तास घालवून पोचलो तर रिसेप्शनवर कळलं पोझिशन गुरुवारीच क्लोज झालीये. बाईंना फोन केला, कट. परत केला, कट. सोमवारी त्याच कन्सल्टन्सीतून दुसऱ्याच कुणाचा तरी फोन, "सर जॉब चेंज बघताय का?" मग जे तोंडात आलं ते बोललो. बायको म्हणते आता ब्लॅकलिस्ट होशील.

कटिंगचहा
बरं केलंस. यांना असंच पाहिजे.

माजी_रिक्रुटर
चार वर्षं हेच काम केलंय म्हणून लिहिते, राग येईल तर येऊ दे. दिवसाला इतके लाइनअप, म्हणजे इंटरव्ह्यूला तयार केलेले कँडिडेट, झालेच पाहिजेत असं टार्गेट असतं. पैसे मिळतात ते कँडिडेट जॉइन झाल्यावर, बऱ्याचदा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के म्हणजे त्याच्या एका महिन्याच्या पगाराएवढे, तेही कन्सल्टन्सीला, आम्हाला त्यातला इन्सेन्टिव्ह. तो तीन महिन्यांत सोडून गेला तर रिप्लेसमेंट फुकट द्यायची. क्लायंटचं नाव सांगितलं की कँडिडेट परस्पर अप्लाय करतो, म्हणून लपवतात. आणि पोझिशन बंद झाली हे क्लायंट आम्हालाही सांगत नाही हो! कँडिडेट लोक काय कमी आहेत का? आमची ऑफर दाखवून दुसरीकडे वाढवून घ्यायची आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन स्विच ऑफ. एकाची आजी तर माझ्याकडेच दोनदा वारली.

वाकडकर_९०दिवस
आजीचं ठीके 😀 पण फोन कट करायचं टार्गेट असतं का? "सॉरी, मलाही आत्ताच कळलं" म्हणायला पाच सेकंद लागतात.

माजी_रिक्रुटर
बाईंचं चुकलंच, ते मी कुठे नाही म्हणतेय. पण तू झापलंस सोमवारवाल्याला. तो नवीन पोरगा असणार, जॉब पोर्टलवरून नावांची एक्सेल काढून दिलेली असते, वरून खाली फोन लावत जायचे. तुझ्या शनिवारचं त्याला काय माहीत?

सदाशिव_पेठी
भांडणापेक्षा पेस्लिपचं बघा. तिच्यावर पॅन, यूएएन (पीएफचा नंबर), कधी बँक खात्याचा नंबरही असतो, अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर कशाला? ऑफर ठरताना कंपनीच्या एचआरला द्यायची, फारच मागे लागले तर नंबर झाकून. आणि मेलवर "माझ्या होकाराशिवाय सीव्ही पुढे पाठवायचा नाही" एवढं लिहून ठेवा. माझा सीव्ही दोन कन्सल्टन्सींनी एकाच कंपनीला पाठवला होता, सिस्टिममध्ये डुप्लिकेट दाखवला आणि दोघांच्या भांडणात मी बाद.

गॅप_दोन_वर्षं
नऊ वर्षं अनुभव असला की झापणं परवडतं. मी बाळासाठी ब्रेक घेऊन परत शोधतेय, मला एकाने विचारलं "मॅडम सेकंड चाइल्डचं प्लॅनिंग?" आणि मी हसून "नाही सर" म्हटलं, कारण महिन्याभरात तेवढाच एक फोन आला होता. पुढच्या राउंडचं अजून काही कळवलेलं नाही.

कटिंगचहा
असल्याला तर नावासकट क्लायंटच्या एचआरला मेल टाकायचा!

गॅप_दोन_वर्षं
क्लायंटचं नाव सांगितलं असतं तर ना.

माजी_रिक्रुटर
हे वाईट आहे. टार्गेटचं कारण इथे मी पण देणार नाही.

वाकडकर_९०दिवस
सोमवारचा पोरगाच होता, आवाजावरून तेवीस-चोवीसचा. शेवटी "ओके सर, थँक यू सर" म्हणाला. पण फोन त्याने मला केला होता, मी त्याला नाही.