मदत हवी आहे: बाबाच्या आजाराबद्दल मुलांशी कसं बोलावं?

नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर आहे, केमो सुरू आहे. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. आजाराचं नाव दोघांनाही सांगितलंय. बाहेरून कानावर पडण्यापेक्षा आमच्याकडून कळलेलं बरं. केमोने झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मरतात, त्यात केसांच्या मुळांनाही फटका बसतो, हे मुलाला समजलं.

धाकटीचं वेगळंच. परवा उशीवरचे केस वेचून तिने डबीत भरले आणि हळूच विचारलं, "मी बाबाच्या पोटावर उड्या मारल्या म्हणून झालं का?" नाही म्हटलं, समजावलं, तरी प्रश्न पुन्हा तोच. या वयात मुलं दोष स्वतःकडे ओढून घेतात, हे माहीत आहे. पण तिला पटेल असं कसं सांगू? त्यात तिला सर्दी झाली की संसर्गाच्या भीतीने बाबाजवळ जाऊ देत नाही. तिला ती शिक्षाच वाटते.

मोठा मात्र काहीच विचारत नाही. अभ्यास, जेवण, सगळं वेळेवर. (नातेवाईक म्हणतात, किती समजूतदार! मला त्याचीच जास्त धास्ती.) त्याला बोलतं करावं की जरा थांबावं? वर्गशिक्षकांना कोणी सांगितलं होतं का? आणि "बाबा मरणार का?" असं विचारलंच, तर खोटं न बोलता काय उत्तर दिलंत?