घर बंद ठेवताना प्लग काढायचे की बटण बंद केलं तरी चालेल?

प्रश्न: दोन आठवडे घर बंद राहील. टीव्ही, राउटर, मायक्रोवेव्ह, फ्रिज यांपैकी कशाचे प्लग काढावेत? सर्ज प्रोटेक्टर (सर्ज म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, तिच्यापासून वाचवणारा बोर्ड) आहे.

तारजोड: फ्रिज सोडून सगळ्यांचे. बटणाच्या आत संपर्कांमधलं अंतर जेमतेम काही मिलिमीटर. जवळ वीज पडली तर सर्ज ते ओलांडतो. टीव्हीची केबल आणि राउटरची तांब्याची लाइनही काढा, सर्ज तिथूनही शिरतो. मात्र कडकडाट सुरू झाल्यावर प्लगला हात लावू नका.

फेज_न्यूट्रल: प्रोटेक्टरवर विसंबू नका. आतला व्हॅरिस्टर (सर्ज शोषून घेणारा भाग) मोठ्या सर्जगणिक झिजतो. संरक्षणाचा दिवा विझला असेल तर तो साधा एक्स्टेन्शन बोर्डच समजा. आगीचं म्हणाल तर सैल सॉकेट आधी बघा. पिना काळवंडल्यात, प्लग ढिला बसतो? सॉकेट बदला. सैल जोडणीत रोध वाढतो, तिथेच उष्णता साठते आणि करंट वाढलेला नसल्यामुळे एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतच नाही. ही गोष्ट फार लोक दुर्लक्षित करतात.

प्रश्नकर्ता: आणि फ्रिज?

तारजोड: चालू ठेवणार असाल तर किमान ३ मिनिटांच्या टाइम डिलेचा (वीज आल्यावर तेवढं थांबून पुरवठा सुरू करणारा) स्टॅबिलायझर लावा; वीज लगेच परत आली की काँप्रेसरवर ताण येतो. बंद करणार असाल तर रिकामा करून कोरडा पुसा, दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर बुरशी धरेल.